गुलाबी पापण्यांचे घुबड

आफ्रिकेत जाऊन आलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न सिंहाचा विचारतात. सिंह पाहिला का, किती जवळून पाहिला, भीती वाटली नाही का? आम्हां दोघांनाही मोहल्ल्यात, नातेवाइकांत आणि शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांत हेच विचारले गेले. सिंह आम्ही पाहिला होता, हत्तींचा कळपही पाहिला होता. पण सांगावेसे वाटत होते ते वेगळेच. ते सांगायला सुरुवात केली, की ऐकणारा जरा चुळबुळ करी. एखादी भाभी पटकन ‘तौबा’ म्हणे. कारण आम्ही सांगत होतो ते एका घुबडाबद्दल.

आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक. एकाने आयुष्यभर भूगोल शिकवला, दुसरीने मराठी. एकाचे गाव मुरूड तालुक्यातले, दुसरीचे माहेर सोलापूरचे. पक्षीनिरीक्षक म्हणावे असे आम्ही कधीच नव्हतो. भूगोलाच्या पुस्तकातली खचदरी तीस वर्षे फळ्यावर काढली, ती एकदा डोळ्यांनी पाहावी एवढीच इच्छा होती. नैरोबीत नोकरीला असलेल्या भाच्याने फारच आग्रह धरला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही निघालो.

आफ्रिका आम्हां कोकणातल्या मुसलमानांना तशी परकी नाही. मुरूडच्या किनाऱ्यासमोर जंजिरा उभा आहे. तिथे सिद्दी नवाबांचे राज्य १९४८ पर्यंत होते आणि त्या मुलखाला जुनी माणसे हबसाणच म्हणत. हबशांचा मुलूख तो हबसाण. आफ्रिकेतून माणसे इकडे आली तशी इकडची माणसे खलाशी म्हणून, कारागीर म्हणून, दुकानदार म्हणून मोंबासाला, नैरोबीला, थेट केपटाऊनपर्यंत गेली आणि तिथलीच झाली. केनियात पाऊल ठेवल्यावर कानावर पडलेले शब्दही ओळखीचे निघाले. पुस्तकाला किताबू, जगाला दुनिया, वेळेला वकाती. चहाला चाय आणि चपातीला चपातीच. ज्या ‘सफारी’साठी सारे जग तिथे जाते, तो शब्दही आपल्या ‘सफर’चाच भाऊ.

नैरोबीहून नाकुरू आणि तिथून उत्तरेला मारिगाट असा रस्ता खचदरीतून उतरत जातो. वाटेत विषुववृत्त लागते. तिथे रस्त्याच्या कडेला पाटी आहे. भूगोलाच्या मास्तरांनी गाडी थांबवून घेतली आणि दोन्ही गोलार्धांत एकेक पाय ठेवून उभे राहिले, हे सांगायला हरकत नाही. पुढे बारिंगो सरोवर. काठावरच्या गावाचे नाव कांपी या समाकी, म्हणजे मासळीचा तळ. सरोवराचे पाणी गोडे आहे. त्यात मगरी आहेत, पाणघोडे आहेत. गेल्या काही वर्षांत पाण्याची पातळी इतकी चढली, की काठावरच्या इमारती पाण्यात गेल्या आणि जुन्या बाभळी पाण्यात उभ्याच्या उभ्या वाळल्या. त्या गावात पक्षी दाखवून पोट भरणारी तरुण मुले आहेत. त्यांतला विशी-बाविशीचा एक मुलगा आमच्याबरोबर सकाळी निघाला. त्याने विचारले, ‘‘मोठे बुंडी बघायचे का?’’ स्वाहिलीत घुबडाला बुंडी म्हणतात. आम्ही एकमेकांकडे पाहिले. इतक्या लांब येऊन घुबड पाहायचे? पण ‘मोठे’ म्हणजे किती मोठे हे कुतूहल होतेच.

छत्रीसारख्या पसरलेल्या एका बाभळीखाली त्याने आम्हांला उभे केले आणि वर बोट केले. आम्हांला काहीच दिसेना. फांदी आणि खोड यांच्या बेचक्यात राखाडी रंगाचा एक ओंडका होता. मग त्या ओंडक्याने डोळा मिटला.

मिटलेला डोळा गुलाबी होता. डाळिंबाच्या कोवळ्या दाण्यासारखा. बाकी सारा पक्षी राखेसारखा, दुधात राख कालवावी तसा, आणि त्यात या दोन गुलाबी पापण्या. त्यांवर पिसे नाहीत, नुसती उघडी कातडी. पक्ष्यांत बहुतेकांची खालची पापणी वर सरकून डोळा मिटतो. घुबड मात्र पापणी लवताना आपल्यासारखी वरची पापणी खाली आणते. त्यामुळे ते पाहताना पक्षी पाहतो आहोत असे वाटेना. दुपारच्या जेवणानंतर पडवीत आरामखुर्चीवर डुलक्या घेणारे घरातले कुणी वडीलधारे माणूस वाटत होते. मध्येच डोळा किलकिला होई, काळसर तपकिरी बुबूळ आमच्याकडे पाही, ‘अजून आहात का?’ असे जणू विचारी आणि पुन्हा गुलाबी पडदा खाली येई.

चेहरा फिकट, आणि त्याला दोन्ही बाजूंनी काळी जाड रेघ, हिशेबाच्या वहीत समास आखावा तशी. डोक्यावर पिसांचे दोन तुरे, शिंगांसारखे. पण ते बहुतेक वेळ पडलेले. चोचीभोवती राठ केसांसारखी पिसे, वस्ताऱ्याला न सापडलेल्या दाढीसारखी. डोळे खोबणीत घट्ट बसलेले असल्याने घुबडाला बाजूला बघायचे तर मानच वळवावी लागते. मानेत चौदा मणके असल्यामुळे ती जवळजवळ तीन-चतुर्थांश वर्तुळ फिरते. आपल्या मानेत सातच मणके. आम्ही झाडाला वळसा घालत होतो आणि ते धड न हलवता तोंड आमच्यामागे फिरवीत होते.

हे आफ्रिकेतले सर्वांत मोठे घुबड. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आणि खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत ते आढळते. दाट पर्जन्यवन त्याला मानवत नाही. विरळ झाडांचे माळरान आणि नदीकाठची उंच झाडे मानवतात. लांबी दोन फुटांच्या वर, पंख पसरले की दीड मीटरभर. या जातीत मादी नरापेक्षा चांगलीच मोठी. नर दोन किलोच्या आतबाहेर, तर मादी अडीच ते तीन किलोची. आमच्या समोर बसलेली ती मादी होती, असे त्या मुलाने सांगितले. नर शेजारच्या झाडावर होता, तो तिच्यापुढे अगदी किरकोळ दिसत होता. हे कळल्यावर आमच्यातल्या एकीला झालेला आनंद दुसऱ्याने नोंदवून ठेवला आहे.

त्या झाडाखाली आम्ही अडीच तास बसलो. ठरवून नव्हे, उठावेसेच वाटले नाही. त्या मुलाने पायाखालचे एकेक सामान उचलून दाखवायला सुरुवात केली. केसांचे आणि हाडांचे घट्ट गोळे सापडले. घुबड शिकार शक्य तेवढी अख्खी गिळते आणि न पचणारा भाग असा गोळा करून तोंडावाटे टाकते. मग काट्यांचे एक सालटे सापडले. काटेरी शेळूचे कातडे, आतून स्वच्छ सोललेले. हा छोटा प्राणी संकटात आपल्या काट्यांचा चेंडू करून बसतो आणि भल्याभल्यांना हार मानायला लावतो. पण या घुबडाच्या नख्या लांब आणि पकड जबरदस्त. ते काट्यांसकट कातडे सोलून बाजूला टाकते आणि आतले मांस खाते. ज्या भागात शेळू पुष्कळ, तिथे हेच त्याचे आवडते खाणे. याशिवाय ससे, मुंगूस, घोरपडी, पक्षी, बेडूक, मासे, वटवाघळे. कधी माकडाचे पिल्लू तर कधी वाळवीचे पंखवाले किडेसुद्धा. एवढा मोठा शिकारी, पण पुढ्यात आले ते खातो, नखरा नाही.

त्याचे घर मात्र स्वतःचे नसते. घरटे बांधण्याची कला या पक्ष्याला येत नाही. गिधाडाने सोडलेले, गरुडाने टाकलेले किंवा दुसऱ्या कुणा मोठ्या पक्ष्याचे जुने घरटे मिळाले, की त्यात ते संसार थाटते. आफ्रिकेत हॅमरकॉप नावाचा तपकिरी रंगाचा एक पाणपक्षी आहे. तो काटक्या आणि चिखल यांचे घुमटासारखे भले मोठे घरटे बांधतो, माणूस वर उभा राहिला तरी मोडू नये इतके पक्के. त्या घुमटाच्या छपरावरही हे घुबड अंडी घालते. खाली एक कुटुंब, वर दुसरे. गंमत अशी, की हॅमरकॉपबद्दलही आफ्रिकेत पुष्कळ समज आहेत. त्याला दुखावले तर वीज पडते म्हणतात. म्हणजे दोन बदनाम पक्षी एकाच चाळीत राहतात.

मादी बहुधा दोन अंडी घालते, काही दिवसांच्या अंतराने. सुमारे अडतीस दिवस ती उठत नाही आणि नर तिला अन्न आणून देतो. दोन पिल्ले निघाली तरी बहुतेक वेळा एकच जगते. मागून आलेले लहान असते, त्याच्या वाट्याला घास पोचत नाही. हे ऐकायला कठोर वाटते. पण जे जगते त्याच्यासाठी ही दोघे काय करीत नाहीत! दोन महिन्यांनी पिल्लू घरट्याबाहेर पडते, पण नीट उडायला आणखी कितीतरी दिवस लागतात. शिकार जमायला त्याहून जास्त. तोवर आईबाप भरवतात. पुढच्या विणीचा हंगाम आला तरी मोठे झालेले पिल्लू कित्येकदा जवळपासच असते आणि खायला मागत असते. घरट्याजवळ कुणी आले, तर हे बलाढ्य घुबड जमिनीवर उतरते, पंख मोडल्यासारखा ओढत फडफडते आणि येणाऱ्याला आपल्या मागे लांब घेऊन जाते. टिटवीसारख्या दुबळ्या पक्ष्याची ही युक्ती आम्हांला ठाऊक होती. ज्याच्या नख्यांना सारे रान भिते, त्यानेही लेकरासाठी लंगडेपणाचे सोंग घ्यावे, हे नवीन होते.

संध्याकाळी आम्ही पुन्हा तिथे गेलो. भाच्याने मगरिबची नमाज सरोवराच्या काठावर पढली. अंधार उतरला आणि तो आवाज आला. ‘हू-हू’ नव्हे. फार खालच्या पट्टीतला, पोटातून आलेला, घशात अडखळत उमटलेला हुंकार. ग्वोक, ग्वोक, ग्वोक. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी खोकावे तसा. घुबडांच्या आवाजांत इतका खोल आवाज क्वचितच असेल. शांत रात्री तो कित्येक किलोमीटर जातो. खरे सांगायचे तर अंगावर काटा आला. त्या अंधारात, त्या आवाजाला कान देऊन, पूर्वीच्या माणसांना काय वाटत असेल ते एका क्षणात कळले. फरक एवढाच, की सकाळी आम्ही तो चेहरा पाहिला होता.

त्या मुलाची आजी या आवाजाला फार भीत असे. घुबड ओरडले की ती चुलीतले जळते लाकूड उचलून झाडाकडे फेकी, कारण त्या आठवड्यात वस्तीतले कुणीतरी जाणार हे तिच्या लेखी नक्की. पूर्व आफ्रिकेत बुंडी म्हणजे मरणाचा सांगावा, अशी समजूत सर्वदूर आहे. खंडात पुष्कळ ठिकाणी जादूटोण्यासाठी घुबडे मारली जातात, त्यांची पिसे आणि नख्या विकल्या जातात. हा मुलगाही लहानपणी घुबडांना दगड मारणाऱ्यांतलाच एक. मग परदेशी माणसे घुबड पाहायला पैसे देतात हे त्याने पाहिले आणि दगड थांबला. ‘‘आधी पैशासाठी थांबलो,’’ तो हसत म्हणाला, ‘‘मग रोज बघून बघून आवडायला लागले.’’ आता गावातली पोरेच त्याच्याकडे धावत येतात आणि आज बुंडी कुठल्या झाडावर आहे ते सांगतात. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत उंदरांचा फार सुळसुळाट होता, तिथे विषाऐवजी घुबडे आणण्याचा प्रयोग झाला. ती दुसऱ्या, लहान जातींची. त्यांना रुळवण्याच्या कामात शाळेतली मुले सामील झाली आणि घराघरांतले भय कमी करण्याचे काम त्या मुलांनीच केले. मास्तरकी केलेल्या माणसाला या गोष्टीचे विशेष वाटते.

आता त्या पक्ष्याच्या नावाबद्दल. पुस्तकांत त्याचे नाव ‘व्हेरोचे घुबड’ असे आहे. झूल व्हेरो हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच निसर्ग-अभ्यासक. पॅरिसमध्ये त्याच्या घराण्याची पेढी होती. जगभरातून प्राणी आणि पक्षी आणायचे, कातडी भरून ते उभे करायचे आणि संग्रहालयांना विकायचे, हा तिचा धंदा. १८३० च्या सुमारास या व्हेरो बंधूंनी दक्षिण आफ्रिकेत एका आफ्रिकन माणसाची ताजी कबर उकरली, त्याचे प्रेत उचलले आणि एखाद्या हरणाचे भरावे तसे ते भरून पॅरिसला नेले. पुढे ते स्पेनमध्ये गेले आणि १९१६ पासून बान्योलेस नावाच्या गावच्या संग्रहालयात, काचेच्या कपाटात, हातात भाला देऊन उभे केलेले होते. शाळेच्या सहली ते पाहायला येत. १९९१ साली हैतीत जन्मलेले, स्पेनमध्ये राहणारे डॉ. आल्फोन्स आर्सेलिन यांनी नगराध्यक्षांना पत्र लिहून ते हटवण्याची मागणी केली. गावाने पुष्कळ विरोध केला. १९९७ मध्ये ते कपाट लोकांच्या नजरेआड झाले आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्या माणसाचे अवशेष बोत्स्वानाची राजधानी गॅबरोनी इथे सन्मानाने पुरले गेले. त्याचे नाव कुणालाही ठाऊक नाही.

परत आल्यावर हे वाचले तेव्हा आमचा तो दिवस फार जड गेला. मातीचा मान राखणे, मय्यताला अदबीने उचलणे, कबरीवर पाय पडू न देणे, हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवावे लागत नाही. ज्याला सुंदर पक्षी आणि मेलेला माणूस यांत फरक करता आला नाही, त्याचे नाव या पक्ष्याने का वागवावे? सुदैवाने त्याला दुसरे नाव आहे, आणि ते जुने आहे. डच पक्षीतज्ज्ञ टेमिंक यांनी १८२० साली त्याची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा त्यांनी लॅटिनमधला दुधाचा शब्द वापरला. त्यावरून काही पुस्तकांत त्याला दुधाळ घुबडही म्हणतात. आम्ही घरात तेच म्हणतो.

घुबडाला अशुभ मानणारे आफ्रिकेतच आहेत असे कुणी समजू नये. आपल्या मराठी मुलखात सांगतात, की घुबडाला दगड मारू नये. ते तो दगड झेलून पाण्यात टाकते आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो. उर्दूत मूर्खाला उल्लू म्हणतात आणि उजाड झालेल्या घरात उल्लू बोलतात. आपण मुसलमान मात्र यात विशेष जबाबदार आहोत, कारण आपल्याला हे स्पष्ट सांगितले गेले आहे. इस्लामपूर्व अरबांची समजूत होती, की खून झालेल्या माणसाच्या डोक्यातून ‘हामा’ नावाचे घुबड निघते आणि सूड घेतला जाईपर्यंत कबरीजवळ तहानेने ओरडत राहते. टोळ्यांची वैरे या घुबडाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या चालत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पक्ष्यांवरून शकुन पाहणेही नाकारले आणि हे ‘हामा’ही नाकारले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हदीस आहे. हिजरीच्या दहाव्या वर्षी त्यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणाले, सूर्यही शोक करतो आहे. तेव्हा पोटच्या पोराच्या दुःखात असलेल्या त्या बापाने लोकांना सांगितले, की कुणाच्या मरणाने किंवा जन्माने ग्रहण लागत नाही.

हे सारे जुम्म्याच्या खुतब्यात आपण ऐकतो आणि घरी येऊन ‘मनहूस’ हा शब्द सहज वापरतो. सोलापूरच्या आमच्या खाला सव्विसाव्या वर्षी विधवा झाल्या. खालूंना टायफॉइड झाला होता आणि औषधाला उशीर झाला होता. पण त्या आठवड्यात परसातल्या चिंचेवर घुबड बोलले होते, हे सासरच्यांनी लक्षात ठेवले. टायफॉइड विसरला गेला, घुबड राहिले, आणि हळूहळू घुबडाचे नाव सुनेला लागले. पुढची पन्नास वर्षे कुठल्याही नवरीला हळद लावायला खालाला कुणी बोलावले नाही. ती ओट्यावर बसून पाचशे माणसांच्या बिर्याणीचा कांदा कापी. तो मनहूस नसे.

आमचे फोटो पाहायला खाला मुद्दाम आली. सिंह, हत्ती, जिराफ भराभर पुढे सारले. त्या घुबडाच्या फोटोवर थांबली. चष्मा पुसला. घुबड आहे हे तिला कळले होते, आणि आम्हां दोघांनाही क्षणभर काय बोलावे सुचले नाही. मग ती म्हणाली, ‘‘अगे, इसके पलकां कू मेंदी कौन लगाया?’’

तो फोटो तिने मागून घेतला. भिंतीवर लावू का असे विचारले तर रागावली. जिथे नमाज पढायची त्या खोलीत जिवंत प्राण्याची तसवीर कशी चालेल? लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून दे म्हणाली. कपाट उघडले की घुबड दिसते, मिटले की तेही झोपते. पुढच्या वर्षी घरात नातीचे लग्न निघाले. नवरीने हट्ट धरला, पहिली हळद नानीच लावणार. नवरीची एक चुलती तरातरा उठून बाहेर गेली आणि जेवायलाही आली नाही. त्या हट्टाचा आणि आमच्या फोटोचा काही संबंध नाही. पोरगी शिकलेली आहे, तिचे तिने ठरवले. आम्ही फक्त घडले ते लिहितो आहोत. मुलीचा संसार सुखाचा चालला आहे. पण तो नसता चालला, तरी त्याचे कारण हळद लावणारा हात नसता, हे इथे लिहून ठेवायला हवे.

शास्त्रज्ञांनी पूर्वी या दुधाळ घुबडाला युरोपातल्या मोठ्या शिंगी घुबडांच्या गोतात धरले होते. जनुकांचा अभ्यास झाल्यावर ते गोत बदलले. अलीकडच्या काही वर्षांत पक्ष्यांच्या जागतिक याद्यांत त्याला आशियातल्या मासे खाणाऱ्या घुबडांच्या प्रजातीत घातले गेले. म्हणजे त्याचे चुलत-मावस भाऊ आपल्याकडे आहेत. नदीकाठी, तळ्याकाठी, जुन्या आमराईत राहणारे तपकिरी मत्स्य-घुबड हे त्यांतले एक. त्याच्या पापण्या गुलाबी नाहीत आणि डोळे पिवळे आहेत, पण रक्त एकच. मराठीत त्याला हुमा घुबड असेही म्हणतात. ते नाव त्याच्या घुमणाऱ्या आवाजावरून पडले असावे. पण फारसी-उर्दू वाचणाऱ्याला ते ऐकून हसू येईल. त्या काव्यात हुमा म्हणजे ज्याची सावली पडताच माणूस बादशहा होतो तो शुभ पक्षी, आणि बूम म्हणजे उजाड वस्तीतले घुबड. एक या टोकाला, दुसरे त्या टोकाला. आपल्या मराठी माणसाने, नकळत का होईना, दोघांना एकाच फांदीवर बसवले. बाराव्या शतकातल्या अत्तारांच्या ‘मन्तिक-उत-तैर’मध्येही हे दोघे पक्ष्यांच्या सभेत येतात. प्रवासाला न निघण्याची सबब दोघेही सांगतात. हुदहुद दोघांचीही सबब सारख्याच कडकपणे उडवून लावतो. हुम्याला सवलत नाही आणि घुबडाला वेगळी शिक्षाही नाही.

आफ्रिकेतल्या त्या घुबडाला आज नामशेष होण्याचा धोका नाही. पण एका जोडीला हजारो हेक्टरांचा मुलूख लागतो, दिवसा झोपायला दाट मोठे झाड लागते आणि संसाराला दुसऱ्याने सोडलेले घरटे लागते. गिधाडे विषाने मेली तर त्यांची घरटी उरणार नाहीत. झाडे कोळशासाठी तुटली तर सावली उरणार नाही. आपल्याकडच्या हुम्याचेही तसेच आहे. त्याला काठावरचे जुने झाड आणि मासे असलेले पाणी पुरते.

वाचकांपैकी कुणाच्या गावात, मशिदीमागच्या चिंचेवर, दर्ग्याजवळच्या वडावर किंवा कब्रस्तानाच्या कुंपणालगत असे काही बसत असेल, तर दिवसाउजेडी एकदा जाऊन पाहावे. घरातल्या लहान मुलांना बरोबर न्यावे. आवाज न करता, पाठीला झाड लावून बसावे. पाणी आणि चार खजूर बरोबर असू द्यावेत, कारण वेळ लागतो. ते लवकर हलत नाही.